अयोध्याच्या वहीचं शेवटचं पान

लातूरच्या ट्यूशन एरियात एक चौक आहे. तिथं दर जूनमध्ये फ्लेक्स बदलतात. गेल्या वर्षीच्या डॉक्टरांची तोंडं उतरवतात आणि नव्यांची चढवतात. मी त्या फ्लेक्सखालून चार वर्षं सायकलवर गेले. अकरावी, बारावी आणि मेडिकलसाठी दोनदा रिपीट. वडिलांनी दुसऱ्या रिपीटच्या वेळी स्टुडिओत नेऊन माझा पांढऱ्या एप्रनमधला फोटो काढून घेतला होता, निकाल लागला की ऐनवेळी धावपळ नको म्हणून. निकाल लागला. फोटो कपाटात गेला.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी विचारायला नको की ही पुनम अशी कशी. मी अशीच आहे. पहिल्या बाकाची भूक काय असते हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं मला शहाणपण शिकवू नये.

अठ्ठाविसाव्या वर्षी मी नांदेडला मामाकडे आले, ती मन्मथ सरांच्या वर्गासाठी. शिवाजीनगरात एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांचा स्पॅनिशचा वर्ग होता. हैदराबादची एक कंपनी होती, ती अमेरिकेतल्या दवाखान्यांचे फोन घेई. तिकडे स्पॅनिश बोलणारे पेशंट भरपूर. म्हातारी फोन करून दाढ दुखते म्हणाली, की इकडे भारतात कुणीतरी तो फोन उचलायचा, तिचं नाव लिहायचं, दुखणं लिहायचं आणि वेळ द्यायची. कंपनी लॅपटॉप घरी पाठवणार, पगार इथल्या इंजिनिअरला लाजवील असा. सरांच्या पहिल्या बॅचमधून त्यांना एकच माणूस हवा होता. आम्ही बावीस जण होतो, मुदत तीन महिन्यांची.

सर आधी लातुरात केमिस्ट्री शिकवायचे. तिथली शिस्त त्यांनी जशीच्या तशी नांदेडला आणली. शनिवारी परीक्षा, सोमवारी मार्कांप्रमाणे बाक. पहिला आला तो खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर, बाविसावा तो दाराशी, चपलांजवळ. शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती, तिला ते पूल म्हणत.

"घाबरू नका," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "तीन हजार स्पॅनिश शब्द तुम्हाला आत्ताच येतात. हॉस्पिटल, ओस्पिताल. डॉक्टर, दोक्तोर. इन्फर्मेशन, इन्फोर्मासिओन. नेशन, नासिओन. शेवटी शन आलं की सिओन करा, झालं स्पॅनिश. इंग्रजी हा पूल आहे. चढा आणि पलीकडे उतरा."

मग त्यांनी नियम सांगितला. वहीत मराठी अक्षर दिसता कामा नये. मराठीतून विचार केला की माणूस पुलावर चढतच नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच आठवड्यात आदर्श नावाच्या एका पोरानं एका शब्दापुढं मराठी अर्थ लिहिला, तर सरांनी ती वही खिडकीतून खाली टाकली आणि त्याला घरी पाठवलं. तो पुन्हा आला नाही. आम्ही एकवीस उरलो, आणि सगळ्यांना कळलं की सर बोलतात ते करतात.

मी दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली. मला तो पूल म्हणजे घरासमोरचा रस्ता होता. पहिल्या सोमवारी मी खिडकीजवळ बसले ती बसलेच.

दाराशी अयोध्या बसायची.

चोवीस वर्षांची, देगलूरकडच्या एका खेड्यात दिलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून घरबसल्या बी.ए. झालेली. वर्गात शिरली ती केवळ उच्चारावर. प्रवेशाला सर एक एक आवाज काढायला लावत. आम्ही इंग्रजीवाल्या पोरी त च्या जागी ट म्हणत होतो, द च्या जागी ड. तिनं त, द आणि र असे काही काढले की सरांनी पुन्हा म्हणायला लावले. पण इंग्रजीच्या नावानं शून्य. पहिल्या आठवड्यात सरांनी तिला उभं केलं.

"ऑब्लिगेशन म्हणजे काय?"

"न्हाई माहीत, सर."

"मग ओब्लिगासिओन कसं कळणार? पुलाला अलीकडचं टोक लागतं, बाई. तुझं टोकच नाही."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले, कारण मी पुढं होते आणि मागं वळून हसायला मजा येते. ती उभी राहिली तशीच उभी होती. सर बस म्हणायला विसरले, तास संपेपर्यंत ती बसली नाही.

तिला सोडायला रोज तिचा भाऊ यायचा. सुदाम त्याचं नाव, रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात कारकून. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर सरांना सांगितलं होतं, "तीन महिने ठिवून घेतो म्हणलोय हिला. आमच्या मंडळींचं बी घरात ऐकावं लागतं. लागली नोकरी तर हिनं खोली करून राहावं. न्हाई तर हिचं घर हाय देगलूरला, तिथं नेऊन घालतो."

तिचं घर म्हणजे काय ते मला पुढं कळलं. तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, तळव्याएवढा चकचकीत डाग होता. मी सहज विचारलं, तवा लागला का. ती म्हणाली, हाव. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "लागला न्हाई ताई, लावला. सासूनं धरलं अन् मालकानं लावला. भाकर करपली व्हती." सासूचं नाव उमादेवी आणि नवऱ्याचं वैजनाथ, हेही तिनं सांगितलं, जणू मी ते कुठं लिहून घेणार होते.

तेव्हा मला तिची दया आली. आली होती, खोटं कशाला सांगू. पण ती दाराशी बसत होती तेव्हाची गोष्ट आहे. चपलांजवळच्या माणसाची दया करायला काही लागत नाही.

मग ती वर सरकायला लागली. एकविसावी होती ती अठरावी झाली. नंतर अकरावी, नंतर पाचवी. तिसरा महिना संपत आला त्या सोमवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली. दुसरी. पिशवी मांडीवर घेऊन, अंग चोरून, जणू ते बाक तिनं कुणाचं तरी चोरलं होतं.

त्याच आठवड्यात सरांनी कंपनीकडून आलेलं नमुन्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. खराखुरा फोन होता, कुणीतरी म्हातारी कण्हत बोलत होती. मी कान देऊन ऐकलं. मला त्यातला एकही शन सापडला नाही. ना इन्फर्मेशन ना ऑपरेशन. म्हातारी नुसती बडबडत होती आणि मध्येच रडत होती. मी कागदावर चार शब्द लिहिले. शेजारी बघितलं तर अयोध्याचा कागद भरलेला. म्हातारीचा पाय सुजलाय, नाकातून रक्त येतंय, घरात विधवा सून आहे पण तिला गाडी चालवता येत नाही, सगळं.

सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले. कसं जमलं, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. शिकवलं आपणच, अशी त्यांची खात्री होती.

मी विचारलं. दुपारी डबा खायला आम्ही गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. इतके दिवस ती एकटी बसायची, त्या दिवशी मी माझा डबा तिच्याजवळ नेला. तिनं पिशवीतून वही काढली, दाराकडे बघितलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. वही मागच्या बाजूनं लिहिलेली होती, आणि सगळी मराठीत.

"ताई, सर म्हंतात तो पूल मला चढता येत न्हाई. मंग मी खालून, पाण्यातूनच चालून राहिले."

"म्हणजे?"

"हे बगा. दिएन्ते म्हंजे दात. आता दाताला इंग्रजीत काय म्हंतात?"

"टूथ."

"मंग कोण लांब पडलं? इंग्रजीवालाच लांब पडला का न्हाई?" ती पहिल्यांदा हसताना मी पाहिली. "पिए म्हंजे पाय. नारिस म्हंजे नाक. नोम्ब्रे म्हंजे नाव. स्वेग्रा म्हंजे सासू. व्यूदा म्हंजे विधवा. न्वेवो म्हंजे नवा. दोस म्हंजे दोन, सिएते म्हंजे सात. खाबोन म्हंजे साबण. कामिसा म्हंजे कमीज, आमच्या आज्याच्या तोंडात तेच असायचं. नारांखा म्हंजे नारंगी. आन्यिल म्हंजे कपड्याची नीळ. अन् हे तर लई भारी हाय ताई, कुणाचं नाव घ्यायचं नसंल तर ते फुलानो म्हंतात. आपला फलाना."

मीही हसले, अगदी मनापासून. फलाना अमेरिकेत कसा पोचला या विचारानंच हसू येत होतं. ती पानं उलटत होती, एकेक शब्द बोट ठेवून दाखवत होती. घर, अंग, नातीगोती, धुणीभांडी. शंभराच्या वर पानं. आजाची उर्दू, माहेरचं मराठी, सासरकडची जराशी तेलुगू, जे हाती लागलं ते तिनं वापरलं होतं, आणि जिथं काहीच जुळलं नाही तिथं स्वतःची काहीतरी गोष्ट रचून शब्द बांधून ठेवला होता.

हसता हसता मी थांबले. दवाखान्यात फोन करणारा माणूस नेशन आणि ऑब्लिगेशन बोलत नाही. तो दात म्हणतो, पाय म्हणतो, सासू म्हणतो. माझा पूल मोठमोठ्या शब्दांचा होता आणि हिच्याकडे अख्खं घर होतं. शनिवारच्या शेवटच्या परीक्षेत असंच रेकॉर्डिंग येणार होतं. जो पहिला येईल त्याचं एकच नाव सर हैदराबादला कळवणार होते.

मी हरणार, हे मला त्या टाकीच्या सावलीत स्वच्छ दिसलं. चौथ्यांदा.

आता लातूरची एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे टॉपरच्या वहीला मान असतो. टॉपरच्या हातच्या नोट्स झेरॉक्सवाले गठ्ठ्यानं काढून ठेवतात, पोरं रांग लावून घेतात. कुणी तुमची वही झेरॉक्सला मागितली, त्यातून पहिल्या बाकावरच्यानं मागितली, तर तुम्ही मोठे झालात. नाही म्हणत नाही कुणी. माझी वही चार वर्षांत एकदाही कुणी मागितली नाही.

गुरुवारी मी अयोध्याला म्हणाले, "तुझी वही दे ना. झेरॉक्स काढते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझी? झेरॉक्सला?"

"हो."

तिनं वही पिशवीतून काढली, ओढणीनं पुसली, कोपरे दुमडले होते ते सरळ केले. डोळे भरून आले होते तिचे. "दादाला सांगते आज. पहिल्या नंबरच्या ताईनं माझी वही झेरॉक्सला नेली म्हणून. वहिनीला बी सांगते." मग हळूच म्हणाली, "सरांना दावू नका बरं. मराठी हाय."

"वेडी आहेस का तू," मी म्हणाले.

चंद्रप्पाच्या दुकानात मी एकशे चार पानं झेरॉक्स करून घेतली. तो मशीन चालवत होता तेव्हा मी स्टुलावर बसून मूळ वही चाळत होते. अगदी शेवटच्या पानावर शब्द नव्हते. तीन वाक्यं होती, स्पॅनिश, पण देवनागरीत, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात.

मी नोम्ब्रे एस अयोध्या. माझं नाव अयोध्या.

तेंगो त्राबाखो. मला काम आहे.

नो बोय आ बोल्वेर. मी परत जाणार नाही.

ही तीन वाक्यं सरांनी शिकवलेली नव्हती. ती तिनं स्वतः जुळवली होती आणि एकही चूक नव्हती. पानाच्या कडा मळलेल्या होत्या, हे पान ती रोज उघडत असणार. मी ते तीनदा वाचलं. मग घडीवर नख फिरवून नीट फाडलं आणि पर्समध्ये ठेवलं.

का फाडलं, ते सांगते. सर रागीट होते पण दगड नव्हते. ते पान वाचलं असतं तर कदाचित त्यांचा हात थांबला असता. आणि मला तो थांबायला नको होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी वही सरांच्या टेबलावर ठेवली. मी म्हणाले, "सर, मला सांगायला बरं वाटत नाही. पण नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

शनिवारी परीक्षा सुरू होण्याआधी सरांनी अयोध्याला पुढं बोलावलं. टेबलावर वही बघून तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मोठ्यांदा वाच," सर म्हणाले.

"सर..."

"वाच म्हणतोय ना."

ती वाचायला लागली. खाबोन, साबण. कामिसा, कमीज. आसूकार, साखर. आवाज कापत होता तरी त आणि र ठणठणीत होते. मागून कुणीतरी म्हणालं, किराणाची यादी आहे का. वर्ग हसला. सरही हसले.

"तीन महिने मी घसा कोरडा करतोय. पूल, पूल, पूल. आणि ही बाई वहीत धुणं धुतेय. साबण आहे, नीळ आहे, कमीज आहे. पिळून वाळत घाल आता." हसू वाढलं तसा त्यांनाही जोर चढला. "सासू पण आहे बघा वहीत. सासूशिवाय करमत नाही का तुला? मग जा की सासूकडे. इथं कशाला बाक अडवलंस?"

सगळे हसत होते. तिच्या हातावरचा डाग त्यांना माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि मीही हसत होते. न हसले असते तर कुणाला शंका आली असती.

तिनं विनवणी केली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "सर, परीक्षा तेवढी देऊ द्या. नंतर हाकला."

"नियम म्हणजे नियम. वही इथंच राहील."

ती चपला घालायला दाराशी वाकली. मी दार लावायच्या निमित्तानं उठले, खरं तर ती काही बोलणार असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जायला नको म्हणून. तिनं मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, तुमच्याकडून हिसकली का सरांनी?"

मी मान हलवली. हो.

"माझ्यामुळं तुमाला बी बोलणं बसलं असंल," ती म्हणाली. "माफ करा."

खाली सुदाम आला तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. मी खिडकीतून बघत होते. खिडकीजवळचं बाक माझंच होतं. त्यानं वर येऊन एकदा विचारावं, भांडावं, असं मला क्षणभर वाटलं. तो वर आला नाही. त्यानं घड्याळ बघितलं, तिची पिशवी घेतली आणि दोघं रिक्षात बसले. मी पहिल्या प्रश्नाकडे वळले.

मी पहिली आले. नोकरी लागली.

आठवड्याभरात तिला देगलूरला नेऊन घातलं, असं मामाच्या ओळखीतल्या रेल्वेवाल्याकडून कळलं.

दोन महिन्यांनी सरांचं पुस्तक निघालं. 'मराठीतून स्पॅनिश: मन्मथ पद्धत'. पहिल्या पानावर दिएन्ते म्हणजे दात. दुसऱ्या पानावर खाबोन म्हणजे साबण. फलानासुद्धा होता. मी तडक त्यांच्याकडे गेले. राग कशाचा आला होता, ते आता नीट सांगता येईल. तिची वही चोरली याचा नाही. माझ्याकडे झेरॉक्स होती आणि मी उशीर केला, याचा.

"ही अयोध्याची वही आहे, सर."

"तूच आणून दिलीस ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग? तुझा फोटो दे. जाहिरातीत टाकतो. पद्धतीनं घडलेली पहिली विद्यार्थिनी."

फोटो वडिलांनी पाठवला. त्यांना वाटलं, दवाखान्याची नोकरी आहे तर तोच शोभेल. त्यामुळं लातूरच्या त्या चौकात मी अखेर चढले, पांढऱ्या एप्रनमध्ये, गळ्यात स्टुडिओतलं स्टेथोस्कोप, खाली मोठ्या अक्षरांत 'अमेरिकन हॉस्पिटलमध्ये निवड'. वडील फ्लेक्सखाली तासभर उभे होते म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. आईनं फोनवर सांगितलं आणि मी रडले. आनंदानंच रडले. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

काम मला सुरुवातीला जड गेलं. मग मी झेरॉक्सचा गठ्ठा लॅपटॉपशेजारी ठेवायला लागले. फोनवर म्हातारी कण्हली की मी पान उलटायची. पिए, पाय. नारिस, नाक. टेक्सासमधली एक आजी एकदा म्हणाली की तू आमच्या घरातल्या मुलीसारखी बोलतेस, कुठं शिकलीस. मी म्हणाले, आमच्या इथली पद्धत आहे. सहा महिन्यांत माझं नाव कंपनीच्या यादीत वर गेलं.

दिवाळीनंतर अयोध्याचा पहिला फोन आला. अनोळखी नंबर होता, शेजारणीचा.

"ताई, मी अयोध्या. वळखलं का?"

"बोल."

"काम चालून राहिलं का बरं? तुमचा फोटू लागला म्हणं लातूरला. दादा बोलला. लई आनंद झाला." मग घाईघाईनं, "ताई, सरांकडून माझी वही भेटंल का? मागून बगा की. तुमचं ऐकतील ते."

मी म्हणाले, वही सरांनी जाळली. हे खोटं मी विचार करून बोलले नाही, ते आपोआप तोंडातून आलं. ती म्हणाली, "जाऊ द्या. तुमच्याकडं झेरॉक्स असंल ना? तेवढे दोन-चार शब्द सांगत जा. मी इसरून राहिले. हितं कुणासंगं बोलावं?"

त्यानंतर ती महिन्यातून एकदा फोन करायची, दुपारी, सासू झोपली की. मी दोन-चार शब्द सांगायची आणि काम आहे म्हणून ठेवायची. शब्द तिचेच होते आणि मी ते तिला भीक घातल्यासारखे देत होते. एकदा तिचा आवाज बोबडा येत होता. काय झालं, मी विचारलं. "दिएन्ते," ती म्हणाली आणि हसली. "दोन गेले." मी कुणी पाडले ते विचारलं नाही. मला माहीत होतं.

मार्चमध्ये तिचा फोन आला तेव्हा मी कामावर बसायच्या तयारीत होते. ती फार हळू बोलत होती.

"ताई, आज शब्द नको. माझ्या वहीच्या शेवटल्या पानावर तीन वळी लिवल्या व्हत्या मी. पहिली येते, मी नोम्ब्रे एस अयोध्या. दुसरी बी येते, कामाची. तिसरी जाते ताई. रोज आठवते, येत न्हाई. तेवढी झेरॉक्समदून वाचून दावा. मी पाठ करते. मंग तुमाला तरास देणार न्हाई."

ते पान टेबलाच्या खणातच होतं. मी खण उघडला. पान हातात घेतलं. नो बोय आ बोल्वेर. म्हणायला दोन सेकंद लागले असते.

झेरॉक्समधून वाचते आहे, असंच तिला वाटलं असतं. वही जाळल्याचं आणि हिसकावल्याचं खोटं तसंच झाकलेलं राहिलं असतं. पण तिनं ते वाक्य पाठ करून खरंच तसं केलं असतं, उठून निघून आली असती, तर ती आधी माझ्याच दारात आली असती. ताई म्हणत.

"अयोध्या," मी म्हणाले, "शेवटचं पान कोरं होतं."

पलीकडं मागून बाईचा आवाज आला, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"कोरं व्हतं का," ती म्हणाली. "मंग मलाच वाटलं असंल की मी लिवलं म्हणून."

तिनं फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही. मी पान घडी घालून खणात टाकलं, कानाला हेडफोन लावला आणि पहिल्या बाईला तिचं नोम्ब्रे विचारलं.